रेझोल्यूट बे ते ग्रीस फियोर्ड: अंतर 385 किलोमीटर, मग वेळेचा एवढा घोळ का?

एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बायकोला ग्रीस फियोर्डला नर्सचं कॉन्ट्रॅक्ट मिळालंय, म्हणजे कॅनडाच्या नुनावुतमध्ये, एल्समेअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर. तिथे जायचं शेवटच्या टप्प्याचं विमान रेझोल्यूट बेहून आहे. एका वेबसाइटवर अंतर 383 किमी, दुसरीवर 385, दोन्हीकडे फ्लाइट टाइम "साधारण 1 तास", तिकिटावर मात्र सुटायची वेळ सकाळी 10 आणि पोचायची 12:40, आणि मोबाईलवरच्या मॅपवर बघावं तर हे अंतर मुंबई-दिल्लीपेक्षा मोठं दिसतंय. यातलं खरं काय धरायचं?

मी उत्तरेकडच्या फ्लाइट्सचं डिस्पॅचचं काम करते, म्हणजे विमान कुठल्या मार्गाने न्यायचं, इंधन किती भरायचं, आज जायचं की नाही, हे पायलटबरोबर ठरवायचं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या चारही आकड्यांमागे वेगवेगळी कारणं आहेत आणि बायको तिथे दोन-तीन महिने राहणार असेल तर ती कारणं तिला माहीत असलेली बरी.

आधी मॅपचं बघू. मोबाईलवरचा मॅप मर्केटर पद्धतीचा असतो, त्यात जसजसं उत्तरेला जाल तसतसं सगळं ताणून मोठं दिसतं. 75-76 अक्षांशावर हा ताण विषुववृत्ताच्या मानाने चौपट होतो, मुंबईपाशी तो जेमतेम पाच-सहा टक्के आहे. म्हणून एकाच झूमवर बघितलं तर रेझोल्यूट-ग्रीस फियोर्डची रेघ मुंबई-दिल्लीच्या रेघेपेक्षा लांब दिसते, प्रत्यक्षात मुंबई-दिल्ली सरळ रेषेत साडेअकराशेच्या आसपास आणि हे 385, म्हणजे मुंबईहून रस्त्याने कोल्हापूरला जाण्याइतकं. संत्र्याच्या फोडी जशा देठापाशी येऊन मिळतात तशा रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. मुंबईपाशी एक अंश रेखांश म्हणजे साधारण 105 किमी, रेझोल्यूटला तेच 29 किमी, ग्रीस फियोर्डला 26. या दोन गावांत रेखांशाचा फरक 12 अंशांचा आहे, मुंबईच्या अक्षांशावर तो साडेबाराशे किलोमीटरच्या वर गेला असता.

383 की 385? दोन्ही बरोबर. रेझोल्यूट 74 अंश 43 मिनिटं उत्तर, 94 अंश 58 मिनिटं पश्चिम, ग्रीस फियोर्ड 76 अंश 25 मिनिटं उत्तर, 82 अंश 54 मिनिटं पश्चिम. पृथ्वी पूर्ण गोल धरून सरासरी त्रिज्या 6371 किमी घेतली की उत्तर 383 येतं. पण पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, आणि चपट्या भागाची वक्रता कमी म्हणजे तिथली त्रिज्या जरा मोठी धरावी लागते, जीपीएस जो आकार वापरतं तो घेतला की 385 येतं. आम्ही 208 नॉटिकल मैल धरतो (विमानांचं अंतर याच मापात मोजतात, एक म्हणजे 1.852 किमी). स्वतः काढून बघणार असाल तर एक सांभाळा, 43 मिनिटं म्हणजे .43 नाही, 43 भागिले 60, म्हणजे .717. लोक सर्रास 74.43 टाकतात आणि तिथेच 32 किलोमीटर इकडचे तिकडे होतात. ऑनलाइन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्यातल्या बऱ्याच वेळा मूळ गडबड हीच असते.

आता तो "एक तास". या वेबसाइट्स साधारणपणे जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांना एकच हिशोब लावतात, जेट विमान ताशी 800 किमी आणि वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. 385 भागिले 800, अर्धा तास, अधिक अर्धा तास, झाला एक तास. मुंबई-नागपूरला हे चालून जातं. पण ग्रीस फियोर्डला जेट जात नाही, जाऊच शकत नाही, कारण तिथली धावपट्टी खडीची आहे आणि लांबी 500 मीटरच्या आसपास, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. रेझोल्यूटची धावपट्टीही खडीचीच, पण साडेसहा हजार फूट लांब, तिथे पूर्वी 737-200 सुद्धा उतरायचं, खडी इंजिनात जाऊ नये म्हणून खास किट बसवलेलं. ग्रीस फियोर्डला जातं ते ट्विन ऑटर, डी हॅविलँड कॅनडाचं, पंखे फिरवणारी दोन टर्बोप्रॉप इंजिनं, चाकं आत न ओढली जाणारं, वरच्या पंखांचं विमान. पहिलं उड्डाण 1965 चं आणि अजून त्याच्या तोडीचं दुसरं काही या कामाला सापडलेलं नाही. 2016 च्या जूनमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन स्टेशनातून आजारी माणसांना बाहेर काढलं तेही केन बोरेक या कॅनेडियन कंपनीच्या ट्विन ऑटरनेच, आणि विमान निघालं होतं कॅनडातल्या कॅल्गरीहून. मला या विमानाबद्दल मनापासून आदर आहे.

पण ते हळू आहे. मोठी चाकं लावलेली, थंडीत सामानाने भरलेलं ट्विन ऑटर 150 नॉटच्या, म्हणजे तासाला 150 नॉटिकल मैलांच्या हिशोबाने धरायचं. 208 भागिले 150, म्हणजे 83 मिनिटं, तेही वारा अजिबात नसताना. त्यात टॅक्सी, वर चढणं, शेवटी धावपट्टीवरून एक चक्कर मारून वारा-बर्फ बघणं हे धरलं की 95 ते 100 मिनिटं होतात. म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. तिकिटावर दोन तास चाळीस दिसतात कारण रेझोल्यूट सेंट्रल टाइमवर चालतं आणि ग्रीस फियोर्ड ईस्टर्न टाइमवर, तिथलं घड्याळ एक तास पुढे आहे. दोन्ही वेळा स्थानिक असतात, 10 रेझोल्यूटचे आणि 12:40 ग्रीस फियोर्डचे. येताना हेच उलटं होतं, कागदावर चाळीस मिनिटांत पोचल्यासारखं दिसेल, तेव्हा परतीचं तिकीट बघून गोंधळू नका.

वाऱ्याचं गणित लोकांना वाटतं जाताना तोटा, येताना फायदा, हिशोब चुकता. तसं होत नाही. 30 नॉटचा वारा पाठीमागून असेल तर जमिनीवरचा वेग 180, वेळ 69 मिनिटं. तोच समोरून असेल तर वेग 120, वेळ 104 मिनिटं. दोन्ही मिळून 173, आणि वारा नसता तर 166. वारा असला की जाऊन-येऊन नेहमी वेळ जास्तच जातो, कारण ज्या दिशेने आपण हळू असतो त्या दिशेने आपण जास्त वेळ वाऱ्यात राहतो. जेटला 30 नॉटचं काही वाटत नाही, 150 नॉटच्या विमानाला तो पाचवा हिस्सा आहे.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. आमच्या टेबलावर 385 हा आकडा कधीच एकटा नसतो. ग्रीस फियोर्डला पोचलात आणि खाली उतरता आलं नाही तर जायचं कुठे? रेझोल्यूटला परत, 385 किमी. दक्षिणेला आर्क्टिक बे, तेही जवळपास 385. उत्तरेला युरेका, तिथे फक्त हवामान केंद्र आहे आणि ते सुमारे 400. पूर्वेला पिटुफिक, ते 370 च्या आसपास, पण तो ग्रीनलंडमधला अमेरिकन लष्करी तळ आहे, तिथे परवानगीशिवाय उतरत नाहीत. म्हणजे गावापासून कुठल्याही दिशेला जा, पुढची धावपट्टी पावणेचारशे-चारशे किलोमीटरवर. त्यामुळे ग्रीस फियोर्डची फ्लाइट आम्ही कायम जाऊन-येऊन अशीच मोजतो, प्रवासी एकाच बाजूचं तिकीट घेऊन बसलेला असला तरी.

इंधनात हे कसं दिसतं ते सांगते. ट्विन ऑटर तासाला साधारण 600 पाउंड इंधन खातं. जाण्याचे 1 तास 40, उतरता नाही आलं तर परत येण्याचे 1 तास 35, आणि त्याच्यावर इन्स्ट्रुमेंट फ्लाइटला (बाहेर न बघता यंत्रांवरून चालवायच्या) प्रोपेलर विमानासाठी नियमाने हातात ठेवायची 45 मिनिटं. झाले चार तास, म्हणजे 2400 पाउंड. या विमानाच्या नेहमीच्या टाक्या साधारण 2500 पाउंडच्या. बघा, "एक तासाची" फ्लाइट आणि टाक्या जवळजवळ काठोकाठ. आता विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन 12,500 पाउंड आहे, रिकामं विमान आणि क्रू मिळून आठ हजारांच्या वर जातं, त्यातून इंधनाचे 2400 गेले की प्रवासी, बॅगा, दुकानाचं दूध, औषधं, टपाल या सगळ्यांना मिळून दोन हजारांच्या आतबाहेर उरतं. विमानात 19 सीट बसू शकतात हे ब्रोशरवर खरं, पण या रूटवर 19 माणसं कधी बसत नाहीत. बॅग मागे राहिली, पुढच्या फ्लाइटने येईल असं सांगितलं, तर त्यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो, ती बॅग त्या परतीच्या इंधनासाठी मागे राहिलेली असते. म्हणून औषधं, चष्मा, दोन दिवसांचे गरम कपडे हे हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगा.

दिशेचं थोडं लिहिते, कारण उत्तरेत अंतरापेक्षा दिशा जास्त फसवी आहे. रेझोल्यूटहून निघताना ग्रीस फियोर्डची दिशा खऱ्या उत्तरेपासून साधारण 55 अंशांवर असते आणि पोचताना तीच 66 अंश झालेली असते. विमान कुठेही वळलेलं नसतं, अगदी सरळ गेलेलं असतं, खालच्या रेखांशाच्या रेघाच तिरप्या होत गेलेल्या असतात. दीड तासात अकरा-बारा अंशांचा फरक. शिवाय साधं चुंबकीय होकायंत्र तिथे कामाचं नाही, चुंबकीय ध्रुव गेल्या शतकभर याच बेटांमधून सरकत होता, आता तो सायबेरियाच्या बाजूला गेलाय, पण त्या भागात चुंबकाची आडवी ओढ अजूनही इतकी क्षीण आहे की सुई भरवशाची राहत नाही. म्हणून कॅनडाने उत्तरेचं आकाश वेगळं काढलंय, तिथे वारा, रूट, धावपट्टी सगळं खऱ्या उत्तरेवरून मोजतात. रेझोल्यूटची धावपट्टी 17-35 आहे, म्हणजे एका बाजूने साधारण 170 अंशांची दिशा आणि दुसऱ्या बाजूने 350, आणि त्या आकड्यांपुढे खऱ्या उत्तरेची खूण म्हणून टी लावतात.

मग दिशा धरायची कशावर? पूर्वी जायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीवर चालणाऱ्या दिशादर्शकावर, आणि जायरो पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपोआप सरकत जातो, त्या अक्षांशावर तासाला साडेचौदा अंश. पायलटने मधे मधे सूर्यावरून किंवा दुसऱ्या साधनाने तो जुळवून घेतला नाही तर ग्रीस फियोर्डपर्यंत वीसेक अंशांची चूक जमा होते. आता जीपीएस आहे, काम सोपं झालंय, पण विषय संपलेला नाही. 20 ऑगस्ट 2011 ला फर्स्ट एअरचं 737 यलोनाइफहून रेझोल्यूटला उतरताना धावपट्टीच्या पूर्वेच्या टेकडीवर आदळलं, 15 पैकी 12 माणसं गेली. चौकशीत कारणांची साखळीच निघाली, त्यातली एक कडी ही होती की विमानाची कंपास सिस्टिम शेवटी खऱ्या दिशेपासून 17 अंश चुकलेली होती, आणि विमान रेघ सोडून उजवीकडे सरकत असताना कॉकपिटमधल्या दोघांचं त्यावर वेळेत एकमत झालं नाही. खाली ढग होते. आमच्या कामात हा रिपोर्ट प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं, नव्याने आलेल्यांना मी तो वाचायला लावतेच.

रूटबद्दल म्हणाल तर आकाश मोकळं असलं तर खिडकी सोडू नका म्हणावं. आधी वेलिंग्टन चॅनेल, मग डेव्हन बेट, जगातलं सगळ्यात मोठं निर्मनुष्य बेट. त्यावर उजव्या हाताला हॉटन नावाचं उल्केचं विवर येतं, वीसेक किलोमीटर रुंद, मंगळावर जायची तयारी म्हणून शास्त्रज्ञ तिथे उन्हाळ्यात तळ टाकून राहिलेले आहेत. मग जोन्स साउंडचा समुद्र, बहुतेक महिने गोठलेला, आणि पलीकडे एल्समेअरचे डोंगर. रेझोल्यूटला नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवत नाही, त्या काळात हे सगळं अंधारातच पार होतं, आणि एप्रिलअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मावळत नाही.

आता "मग तिने पोचायची वेळ काय धरायची?" हवेतली वेळ 1 तास 40, वाऱ्यावर वीस मिनिटं इकडे-तिकडे. पण जमिनीवरची वेळ अर्ध्या दिवसापासून चार दिवसांपर्यंत काहीही होऊ शकते. उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, समुद्र उघडा असतो तेव्हा धुकं आणि खालचे ढग किनाऱ्याला चिकटून बसतात. हिवाळ्यात बर्फ पडत नसलं तरी वाऱ्याने उडतं आणि शंभर मीटरवरचं दिसत नाही. आणि डोंगराच्या कुशीतल्या अर्ध्या किलोमीटरच्या पट्टीवर वारा आडवा आला की संपलं. शेवटी पट्टी आणि डोंगर पायलटच्या डोळ्यांना दिसलेच पाहिजेत, तिथे दुसरा उपाय नाही. सकाळी आम्ही काय करतो तर ग्रीस फियोर्डच्या विमानतळावर रेडिओला जो माणूस असतो त्याच्याशी बोलतो. तो गावातलाच असतो. आकड्यांचा रिपोर्ट येतोच, पण तो म्हणाला की समोरच्या डोंगराचा माथा दिसतोय, पायथा नाही, तर मला त्या वाक्यातून जास्त कळतं, ढग वरून खाली आलाय की धुकं समुद्रावरून आत शिरतंय हे त्यातून समजतं, आणि दीड तासाने काय असेल याचा अंदाज त्यावर बांधता येतो. तो थांबा म्हणाला तर मी थांबते.

ही गावं इतक्या लांब का आहेत हेही तिला माहीत असू दे. ग्रीस फियोर्डमध्ये 2021 च्या जनगणनेला 144 माणसं होती, रेझोल्यूटमध्ये 183. दोन्हीकडे 1953 आणि 1955 साली कॅनडा सरकारने उत्तर क्विबेकमधल्या इनुकजुआकहून आणि पाँड इनलेटहून इनुइट, म्हणजे उत्तरेतल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं आणून सोडली. इनुकजुआक तिथून सुमारे दोन हजार किलोमीटर दक्षिणेला, तिथे शिकार वेगळी, बर्फ वेगळं, आणि तिथे असे महिनोनमहिने अंधारात जात नाहीत. त्यांना परत नेऊ असं सांगितलं होतं आणि ते पाळलं गेलं नाही. सरकारने माफी मागितली ती 2010 मध्ये. दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात हा इतिहास आहे, नकाशावरचं अंतर त्यांनी अंगावर घेतलेलं आहे, हे लक्षात ठेवून नर्सने वागलं तर तिला तिथे खूप माया मिळेल.

आणि नर्स म्हणून तिला एक हिशोब पाठच हवा. पेशंटला हलवायचं ठरलं तर ग्रीस फियोर्डहून इकालुइटचं, म्हणजे नुनावुतच्या राजधानीचं, हॉस्पिटल दीड हजार किलोमीटर आहे. त्या छोट्या पट्टीवर ट्विन ऑटरसारखंच विमान लागतं, ते बहुतेक वेळा आधी दुसरीकडून रिकामं यावं लागतं, म्हणजे फोन केल्यापासून विमान दारात उभं राहीपर्यंतच हवा चांगली असताना तीन-चार तास सहज जातात आणि हवा वाईट असली तर दिवस. त्यामुळे तिथल्या नर्स डॉक्टरांशी फोनवर लवकर बोलतात, आपल्याकडच्या शहरात आपण थांबून बघू म्हणतो त्याच्या खूप आधी. पहिल्याच दिवशी आधीच्या नर्सकडून हे नीट समजून घ्यायला सांगा, विमान केव्हा मागवायचं, कोणाला विचारून, आणि अंधारात पट्टीचे दिवे लावायला कोणाला उठवायचं.

तिकिटाचं शेवटचं. ती बहुतेक ओटावाहून इकालुइट, 2100 किमी, तिथून रेझोल्यूट, पावणेसोळाशे, आणि मग हे 385 अशी जाईल. यातला सगळ्यात छोटा टप्पाच सगळ्यात जास्त वेळा रद्द होतो, त्यामुळे येताना ग्रीस फियोर्डहून निघाल्याच्या दिवशी ओटावाहून भारताचं कनेक्शन अजिबात धरू नका, मी माझ्या माणसांना मधे किमान तीन दिवस ठेवायला सांगते आणि पुढचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्यायला सांगते, थोडं महाग पडलं तरी. रेझोल्यूटला राहायच्या जागा मोजक्याच आहेत, त्या आधी फोन करून विचारून ठेवा. घरून फोनवर वाट बघणार असाल तर 12:40 ला तिचा मेसेज आला नाही म्हणून घाबरू नका, ती ग्रीस फियोर्डची वेळ आहे, त्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मिळवा, म्हणजे भारतात रात्रीचे दहा किंवा अकरा वाजून दहा मिनिटं. आणि विमान परत रेझोल्यूटला आलं असं कळलं, तर तो इंधनाचा हिशोब बरोबर होता म्हणून ते परत आलेलं आहे, दुसऱ्या दिवशी परत निघेल.